सुहासदाचं लॉगिन

सुहासदा, ऑफिसने तुझ्यावर एक पान काढलं. जन्म, शिक्षण, कुठे कुठे काम केलंस, हसरा फोटो. चांगलं आहे ते, चूक काढण्यासारखं त्यात काही नाही. पण ते तुझ्याविषयी आहे आणि मला तुझ्याशी बोलायचं आहे. आपलं एक भांडण अर्ध्यावर राहिलं होतं. तू गेल्यावर ते माझ्या एकटीच्या अंगावर कसं आलं, आणि त्या दुपारी तुझ्या घरी काय झालं, हे तुला माझ्याशिवाय कोण सांगणार?

भांडण तुला पाठ आहे. पण हे आणखी कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून थोडं मागून सांगते.

आपण दोघं मिळून एक लायब्ररी सांभाळत होतो. मिताली वहिनींना, म्हणजे तुझ्या बायकोला, कित्येक दिवस वाटायचं की ऑफिस सुटल्यावर आपण सेक्टर फाइव्हमध्ये कुठेतरी पुस्तकं वाटतो. मग एकदा जेवताना तू त्यांना समजावलंस, की ही लायब्ररी म्हणजे प्रोग्रामचा एक तयार भाग. तो कुणीही फुकट घ्यावा, आपल्या प्रोग्राममध्ये बसवावा, म्हणजे त्या प्रोग्रामला मेसेजिंग ॲपवरून मेसेज पाठवता येतात, आलेले वाचता येतात. सुरुवातीला एकदा फोनने क्यूआर कोड स्कॅन केला की लॉगिन झालं. अडचण त्याच्या पुढची होती. ते लॉगिन चालू प्रोग्रामच्या मेमरीत असायचं, कुठे लिहून ठेवलेलं नसायचं. प्रोग्राम बंद पडला, मशीन रीस्टार्ट झालं, लाईट गेली, की लॉगिन गेलं. पुन्हा फोन शोधा, पुन्हा कोड दाखवा. कुठल्या कुठल्या देशांतून लोक आपल्याला हीच एक तक्रार लिहायचे.

मी म्हणायचे, सेशन फाईलमध्ये साठवू, म्हणजे रीस्टार्टनंतर लॉगिन आपोआप परत येईल. तू म्हणायचास, नको.

"केतकी, ती फाईल म्हणजे नुसती किल्ली नाही," तू म्हणायचास, हातात डिम-टोस्टची, म्हणजे अंडं लावलेल्या पावाची प्लेट, मागे बसवाल्यांची ओरड. "ज्याच्या हाती ती लागेल तो त्या माणसाच्या जागेवर जाऊन बसेल. त्याला आलेलं सगळं वाचेल. आणि त्या माणसाला पत्ता लागणार नाही."

"आणि दर वेळी लाईट गेली की गावच्या दवाखान्यातल्या नर्सने काम सोडून फोन शोधत फिरायचं?"

"फिरावं. फोन ज्याच्या हातात तो खरा माणूस, एवढी तरी खात्री राहते."

"तू प्रोग्राम लिहितोस की पोलीसचौकी चालवतोस?"

"चहा खातेस का अजून एक?" हे तुझं ठरलेलं उत्तर. खिदिरपूरच्या पोर्ट क्वार्टर्समध्ये वाढलेला तू, बंगाल्यांसारखा चहा खायचास, पाणी खायचास, सिगरेटसुद्धा खायचास. मी सांगलीहून आलेली, तुझं मराठी दुरुस्त करण्यात मला मोठी मौज वाटायची. आता वाटतं, त्या शहरात पहिल्या वर्षी मी टिकले ती त्या चुकीच्या मराठीमुळे. पीजीच्या खोलीत रडून झालं की रविवारी डमडमला तुझ्याकडे यायचे, वहिनींच्या हातची पोस्तोची, म्हणजे खसखशीची भाजी आणि तुझ्या हातची करपलेली पिठलं-भाकरी एकाच ताटात जेवायचे. याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आपल्यात ती पद्धतच नव्हती. आपण सेशनवरून भांडायचो.

शेवटी मी कंटाळून कोड लिहूनच टाकला आणि तुझ्या तपासणीला पाठवला. आपला नियम होता, दोघांनी मान्य केल्याशिवाय काही आत घ्यायचं नाही. तू खाली लिहिलंस: "हे मला पटत नाही. कुठे चुकतंय ते अजून सापडलेलं नाही. सापडलं की लिहितो."

ती ओळ अजून तिथे आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत तू मेट्रोच्या जिन्यावर कोसळलास. तुझा फोन पायऱ्यांवरून आपटत खाली गेला, तुकडेच झाले त्याचे. तुला उचलणाऱ्या लोकांनी ते रुमालात बांधून वहिनींना आणून दिले.

त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. जे लिहायचं आहे ते नंतरचं.

घरात अजून माणसं येत-जात होती. श्राद्ध व्हायचं होतं. मी नुकतीच ऑफिसला जायला लागले होते आणि तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून बसत होते. सकाळी वहिनींचा फोन आला.

"केतकी, लिफ्टमध्ये कागद लागला आहे. दुपारी दोनला लाईन जाणार. ट्रान्सफॉर्मर बदलणार, संध्याकाळपर्यंत येणार नाही. सुहासचा तो मशीन चालू आहे अजून. मी बंद करू?"

"नको," मी एवढ्या जोरात म्हणाले की आजूबाजूचे वळून बघायला लागले. "हात लावू नका. मी येते."

मला तोवर त्या मशीनची आठवण झाली नव्हती. आणि आठवण झाल्याबरोबर लॅपटॉप उचलून मी खाली टॅक्सी शोधायला धावले.

तुझ्या झोपायच्या खोलीत, कपाटाशेजारी ठेवलेला तो जुना संगणक. त्याच्यावर तुझा रक्तदात्यांचा प्रोग्राम चालायचा. खिदिरपूरच्या तुझ्या शाळासोबत्याची बहीण रुखसानादीदी, तिच्या मुलाला, साहिलला, थॅलेसीमिया. त्याला ठरावीक दिवसांनी रक्त चढवावं लागतं आणि त्याचा गट ओ निगेटिव्ह. त्याच्यासाठी तू हे सुरू केलंस आणि मग अशी कितीतरी घरं त्याला जोडली गेली. घरच्यांनी तुझ्या नंबरवर गट आणि हॉस्पिटल लिहायचं, प्रोग्राम जवळपासचे दाते शोधून त्यांना विचारायचा, जो हो म्हणेल त्याला पुढचं कळवायचा. दात्यांच्या फोनमध्ये तुझा नंबर "सुहास ब्लड" म्हणून असायचा. नवीन नंबर घेऊन एकदम एवढ्या लोकांना लिहिलं तर ॲप तो नंबर बंद करतं, आणि अनोळखी नंबरला लोक उत्तर देत नाहीत. म्हणून सगळं तुझ्या स्वतःच्या खात्यावर.

आणि तुझं सेशन, तुझ्या तत्त्वाप्रमाणे, फक्त मेमरीत. लाईट जास्त वेळ गेली की तू ऑफिसातून उठून डमडमला जायचास, स्वतःच्या मशीनला स्वतःचा फोन दाखवायला. आम्ही हसायचो.

आता दाखवायला फोन नव्हता. तुझं सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर ॲप तुझा गुप्त आकडा मागणार होतं, आणि तो तू कुणालाही सांगितला नव्हतास. वहिनींनी लग्नाची तारीख सुचवली, तुझ्या आईचा वाढदिवस सुचवला. चुकीचा आकडा घातला की ॲप खातं अडकवून ठेवतं, म्हणून मी एकही घालून पाहिला नाही. टॅक्सीत बसून उल्टाडांग्याच्या गर्दीत अडकलेली असताना मला तुझा राग आला, सुहासदा. मेलेल्या माणसाचा राग येतो हे मला माहीत नव्हतं. एका माणसाला तरी सांगायचास. वहिनींना सांगायचास. फोन बंद असला तरी त्याला जोडलेला संगणक ॲप काही दिवस चालू देतं, एवढ्याच मेहेरबानीवर ते सगळं चाललं होतं, आणि दोन वाजता तेही जाणार होतं.

तुझ्या खोलीत पलंगाच्या कडेला रुखसानादीदी बसलेली होती. ती वहिनींना भेटायला म्हणून खिदिरपूरहून सकाळीच आली होती, आणि आल्यावर तिला लाईटचं कळलं होतं. साहिलला दुसऱ्या दिवशी रक्त चढवायचं होतं. बेहालाच्या एका दात्याने सकाळी "दुपारी कळवतो" म्हणून तुझ्या नंबरवर उत्तर दिलं होतं. मशीनवरची फक्त यादी उघडून त्याचा नंबर बघा आणि फोन लावा, असं मी वाटेतूनच वहिनींना सांगितलं होतं, पण अनोळखी नंबर म्हणून त्याने तो उचलला नव्हता.

"दीदी, आप अपना काम कीजिए," रुखसाना म्हणाली. "मैं कुछ नहीं बोलूँगी." मग ती नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली. तेच जड जात होतं.

संगणकाचा पासवर्ड वहिनींना माहीत होता, घरचं वीजबिल त्यावरच भरलं जायचं. यूपीएसची बॅटरी फुगलेली. लाईट गेली की दोन-चार मिनिटांत मशीन बंद पडणार हे उघड होतं. पण तू एक शहाणपणा करून ठेवला होतास. चालू प्रोग्राम न थांबवता त्याला आतून सूचना देता याव्यात अशी एक छोटी सोय तू त्यात ठेवली होतीस. त्या वाटेने मला माझा कोड आत सोडता येणार होता. तोच कोड, जो तुला पटला नव्हता.

करायचं काय ते सोपं होतं आणि म्हणूनच भीतिदायक होतं. तुझं सेशन मेमरीतून काढून फाईलमध्ये लिहायचं, त्याच क्षणी तुझा प्रोग्राम थांबवायचा, आणि माझ्या लॅपटॉपवर त्या फाईलमधून तो पुन्हा सुरू करायचा. दोन्हीकडे एकदम चालू राहिला तर ॲपला चोरीचा संशय येतो आणि दोघांनाही बाहेर काढतं. शिवाय आतल्या किल्ल्या प्रत्येक मेसेजगणिक बदलतात. फाईल लिहिल्यावर एक जरी मेसेज इकडे-तिकडे झाला तर ती जुनी झाली. एकदा थांबवलेला प्रोग्राम परत पहिल्यासारखा सुरू होणार नव्हता. फाईलमध्ये जे असेल तेवढंच.

म्हणून आधी मी माझ्या स्वतःच्या खात्यावर करून पाहिलं. माझ्या फोनने कोड स्कॅन केला, सेशन साठवलं, बंद केलं, सुरू केलं. लॉगिन आपोआप आलं.

"हो गया?" रुखसाना उठून उभी राहिली.

"ये मेरा वाला है, दीदी. बैठिए."

ती बसली. मी तुझ्या मशीनकडे वळणार होते. पण तुझी ती ओळ डोक्यातून जात नव्हती, कुठे चुकतंय ते सापडलेलं नाही. मी परत माझ्या लॅपटॉपवर आले. या वेळी शहाण्यासारखं बंद न करता, मेसेज जात असतानाच प्रोग्राम मारून टाकला, लाईट गेल्यावर होईल तसा. पुन्हा सुरू केला. लॉगिन आलं. वहिनींच्या फोनवर एक मेसेज पाठवला.

"काय दिसतंय?"

वहिनींनी फोन माझ्यासमोर धरला. माझ्या नावाखाली लिहिलं होतं की हा मेसेज उघडता आला नाही.

मी कोड वरपासून वाचायला घेतला. आणि तिथे, तुझ्या खुर्चीवर बसून, मला ते दिसलं. मी मेसेज आधी पाठवत होते आणि बदललेली किल्ली नंतर साठवत होते. मधल्या क्षणात लाईट गेली तर जगाच्या मते किल्ली बदललेली आणि फाईलमध्ये जुनीच. लॉगिन आहे असं दिसणार, पण आपलं बोलणं कुणाला उघडता येणार नाही. म्हणजे रुखसानाने लिहिलं असतं, प्रोग्रामने दात्यांना विचारलं असतं, आणि दात्यांच्या फोनवर नुसती ती एक ओळ उमटली असती. आपल्याला वाटलं असतं, कुणी हो म्हणत नाही.

हेच तुला खटकत होतं. तुला सापडलं असतं, आणखी थोडे दिवस मिळाले असते तर. "सापडलं, सुहासदा," असं मी तोंडाने म्हणाले असावे, कारण वहिनींनी "काय सापडला?" म्हणून विचारलं.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. नवी किल्ली आधी वेगळ्या फाईलमध्ये पूर्ण लिहायची, ती डिस्कवर खरंच उतरली याची खात्री करायची, मग जुन्या फाईलच्या जागी तिला ठेवायचं, आणि त्यानंतरच मेसेज बाहेर सोडायचा. पण घाईत दहा ओळींतही चुका होतात. खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या वहिनी म्हणाल्या, "ते लोक आले."

खाली शिडी टेकवल्याचा आवाज आला. दोन वाजायला अजून अवकाश होता, पण त्यांना लवकर आटपायचं असणार. वहिनी खाली गेल्या. जिन्यातून त्यांचा आवाज येत होता, शाळेत भूगोल शिकवतानाचा तो खणखणीत आवाज, मधे मधे माणसांची कुरकुर. मी टाइप करत राहिले. वहिनी वर आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"काय सांगितलंत?"

"सांगितलं, घरात पेशंट आहे, ऑक्सिजन चालू आहे. थोडा वेळ थांबतो म्हणाले." मग म्हणाल्या, "खोटं बोलले मी. श्राद्धाच्या आधी."

"झूठ कहाँ बोला, भाभी," रुखसाना म्हणाली. मघाचं "हो गया?" सोडलं तर एवढंच ती त्या तासाभरात आपणहून बोलली.

दुरुस्त केलेला कोड माझ्या खात्यावर पुन्हा चालवला, पुन्हा मधेच मारला. या वेळी वहिनींच्या फोनवर मेसेज नीट उघडला. मग तुझ्या मशीनकडे वळले. रुखसानाला सांगितलं, आता कुणालाही तुझ्या नंबरवर काही पाठवू देऊ नका. तिने आपला फोन उलटा करून उशीखाली ठेवला. दात्यांची यादी आधीच पेन ड्राइव्हवर घेतली होती. कोड आत सोडला. फाईल लिहिली गेली. ती पेन ड्राइव्हवर उतरली का ते पाहिलं, आणि तुझा प्रोग्राम थांबवला.

इतके महिने तू त्याला बंद राहू दिलं नव्हतंस. तू गेल्यावरही तो चालूच होता. मी थांबवला. स्क्रीनवर नुसती ओळीची खूण लुकलुकत राहिली आणि मला एकदम वाटलं, मी काहीतरी भयंकर केलं.

पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावून तिथे प्रोग्राम सुरू केला. "जोडत आहे" असं आलं आणि तिथेच थांबलं. क्यूआर कोडचा चौकोन उमटला असता तर सगळं संपलं होतं, दाखवायला आपल्याकडे काही नव्हतं. मी स्क्रीनच्या त्या जागेकडे बघत होते जिथे तो चौकोन येतो. तेवढ्यात पंखा मंदावला. यूपीएसने किंचाळायला सुरुवात केली. वहिनींनी जाऊन ते बंद केलं आणि तुझं मशीन गप्प झालं.

लॅपटॉप माझ्या फोनच्या नेटवर होता. त्यावर ओळ बदलली. जोडलं गेलं.

चौकोन आला नाही, सुहासदा. त्याने काही विचारलंच नाही. तुझ्या नावाने तो आत गेला, आणि अडकलेले मेसेज एकामागून एक यायला लागले. त्यात बेहालाच्या माणसाचा होता: "सकाळी नऊला येतो." प्रोग्रामने आपलं आपण रुखसानाला कळवलं. उशीखाली तिचा फोन वाजला. तिने तो काढून वाचला, मला दाखवला, परत वाचला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आली.

साहिलला दुसऱ्या दिवशी रक्त चढलं. त्या घरात त्या आठवड्यात एवढी एकच चांगली बातमी आली.

इथे हे संपलं असतं तर आपलं भांडण मी जिंकले असं मी तुला ऐटीत सांगितलं असतं. पण फाईलबरोबर आधी आलेले मेसेजही उतरले होते आणि त्यांत वहिनींचं नाव होतं. एकदा नाही, खूपदा. तू गेल्यापासून त्या तुझ्या नंबरवर लिहीत होत्या. मी स्क्रीन फिरवली, पण त्याआधी एक ओळ दिसलीच. वहिनींनी मला स्क्रीन फिरवताना पाहिलं.

नंतरचे दिवस मी तो लॅपटॉप जिवाशी घेऊन फिरले. रक्तदात्यांच्या गटाच्या नावावर नवीन नंबर घेतला आणि तुझ्या खात्यावरून रोज थोड्या-थोड्या लोकांना कळवत गेले, की इथून पुढे इकडे लिहा. एकदम सगळ्यांना लिहिलं असतं तर ॲपने अडवलं असतं. तोवर ती फाईल माझ्याकडे. पासवर्डच्या कुलपात ठेवली, तरी ऑफिसात जेवायला उठताना लॅपटॉप सोबत न्यायचे. ऑटोत मांडीवर घट्ट धरायचे. कुणी सहज "बघू" म्हणून वाकलं की लॅपटॉप मिटायचे. त्यात तू होतास. तुझे मित्र, तुझ्या सुट्टीचे बेत, तुझी बायको. ती फाईल म्हणजे नुसती किल्ली नाही असं तू म्हणायचास तेव्हा मी ते वाक्य ऐकायचे, आणि आता ते मांडीवर घेऊन सॉल्ट लेकभर हिंडत होते.

लायब्ररीत सेशन साठवण्याची सोय मी घातली. पण कुणी मुद्दाम मागितल्याशिवाय ती सुरू होत नाही, पासवर्डशिवाय फाईल लिहिलीच जात नाही, आणि लॉगआउट केलं की फाईलही पुसली जाते. तुझ्या त्या ओळीखाली मी चूक काय होती ते लिहिलं. दुसऱ्या मान्यतेची जागा रिकामी ठेवूनच तो कोड आत घ्यावा लागला. लोकांनी आभार मानले. मी दोघांच्या वतीने घेतले. तुला ते आवडलं असतं की नाही, मला सांगता येत नाही.

मग एका रविवारी वहिनींनी बोलावलं. श्राद्ध होऊन गेलं होतं. घर आवरलेलं होतं, जास्तच आवरलेलं. त्यांनी मला बसवलं आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"केतकी, त्याचा फोन तुटला. तुकडे माझ्या कपाटात आहेत. मग माझ्या मेसेजला दोन टिक का येतात?"

मी सांगितलं. ॲपमध्ये मेसेज पाठवला की एक टिक येते, समोरच्या कुठल्याही यंत्रावर तो पोचला की दोन. आधी तो त्या मशीनवर पोचत होता, आता माझ्या लॅपटॉपवर.

"म्हणजे तू वाचतेस."

"नाही, वहिनी. प्रोग्राम ते बाजूला टाकतो. मी उघडलेले नाहीत. एक ओळ दिसली होती, त्या दिवशी."

"कुठला?"

मी ती ओळ सांगितली. त्या खिडकीकडे वळल्या. ती ओळ मी इथे लिहिणार नाही. तुलाही नाही सांगणार, ती त्यांनीच तुला सांगितलेली आहे.

"मला माहीत होतं तो नाही," वहिनी म्हणाल्या. "मी वेडी नाही. पण पहिल्या दिवशी लिहिलं आणि दोन टिक आले. दुसऱ्या दिवशी पण आले. मग मी रोज लिहीत गेले. भांडले त्याच्याशी. वाईट-वाईट बोलले. कुणाला सांगत नाही अशा गोष्टी लिहिल्या." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "आणि ते तुझ्या बॅगमध्ये होते. तू माझ्या घरी जेवत होतीस आणि ते तुझ्या बॅगमध्ये होते."

मी माफी मागितली. आणखी काय करणार होते? त्यांनी हाताने मला थांबवलं.

"साहिलचं काम झालं ते मला दिसलं. मी स्वतः खाली जाऊन खोटं बोलले त्याच्यासाठी. तुला दोष नाही देत. पण आता सगळे नव्या नंबरवर गेले का?"

"दोघं-तिघं राहिलेत. त्यांना मी फोन करीन."

"मग बंद कर."

मी लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. नुसती फाईल पुसून चालत नाही, ॲपच्या लेखी लॉगिन तसंच राहतं. आधी आतून लॉगआउट करायचं, मग फाईल जाते. मी सगळं तयार केलं आणि थांबले. वहिनी माझ्या मागे येऊन उभ्या होत्या.

"कुठे दाबायचं?"

मी दाखवलं.

"यानंतर तो परत येणार नाही? कुणी आणला तरी?"

"नाही, वहिनी. आकडा कुणालाच माहीत नाही."

त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, पदराने हात पुसले, आणि दाबलं. स्क्रीनवर एक ओळ आली, की या यंत्राचं लॉगिन संपलं आहे. फाईलच्या फोल्डरमध्ये काही उरलं नव्हतं, तेही मी त्यांना उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

मग त्यांनी आपला फोन घेतला आणि माझ्याकडे पाठ करून लिहायला लागल्या. थोडं लिहायच्या, पुसायच्या, पुन्हा लिहायच्या. मी खालच्या मैदानात क्रिकेट खेळणाऱ्यांकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी पाठवलं आणि फोन तसाच हातात धरून वाट पाहिली.

"एकच आला," त्या म्हणाल्या.

"आता एकच येईल."

त्या अजून थोडा वेळ बघत राहिल्या. मग फोन खाली न ठेवता, पहिल्याच्या खाली, दुसरा मेसेज लिहायला लागल्या.